विजयश्रीअक्कांनी शोधलेल्या जागा

आमच्या बिदरजवळच्या नौबादच्या कॉलनीत कुणाच्या लेकराचा वाढदिवस जवळ आला की त्या घरची बाई केक सांगायला नंतर जाते, आधी विजयश्रीअक्कांच्या ओट्यावर येऊन बसते. अक्का तिथं काही ना काही निवडत असतात. तूर, मेथी, नाहीतर नातवाच्या डोक्यातल्या उवा. हातातलं काम न थांबवता त्या विचारतात, "कुठं करायलीस?"

"तेच विचारायला आले की, अक्का."

"मग आधी सांग, कोण यायला पायजे?"

नवखी बाई इथं भराभर सांगत सुटते. शाळेतली पोरं, ह्यांच्या ऑफिसातले, माहेरचे, गल्लीतले. अक्का मान हलवतात.

"तसं नव्हं गं. एकच माणूस सांग. जे आलं न्हाई तर तुझ्या लेकराला वाढदिवस झाल्यावाणी वाटणार न्हाई, असं."

 बहुतेकींना हे उत्तर लगेच येत नाही. काही जणी घरी जाऊन लेकराला विचारून दुसऱ्या दिवशी परत येतात. एकदा ते माणूस कळलं की अक्का त्या माणसाला सोयीची जागा सांगतात. बाकीच्यांनी आपापलं बघून घ्यायचं.

बिदरात आता वाढदिवसाला जागांची कमी नाही. दुकानांच्या वर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर हॉल झालेत, उदगीर रोडला बागेतली हॉटेलं झालीत, पोरांना उड्या मारायला गाद्यांच्या खोल्या झाल्यात. आपण बघतो ते गाडी कुठं लावायची, एसी आहे का, फोटोला मागचा पडदा कसला. समोरच्या घरातल्या सिद्धम्मा टीचरनी असाच एक हॉल नक्की केला होता. अक्कांनी विचारल्यावर त्यांच्या लेकानं आजीचं नाव घेतलं. आजी पक्क्या लिंगायत, खाली मटणाचं हॉटेल असलेल्या हॉलमध्ये त्या पाणीसुद्धा पिणार नाहीत. सिद्धम्मांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. आजीही बोलल्या नसत्या. त्या दिवशी त्यांचं डोकं दुखलं असतं, एवढंच. अक्कांनी मठाची जेवणाची पडवी सुचवली. आजी सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या.

आमच्या विभाच्या वेळी मी चांगला गाद्यांचा हॉल बघून आले होते. विभाला विचारलं, तर ती म्हणाली, "निंगप्पामामा." म्हणजे तिचा शाळेचा ऑटो चालवणारा निंगप्पा. मला हसू आलं. अक्का हसल्या नाहीत.

"वैनी, त्यो हॉलमदी आला तर दाराशी उभारून केक खाईल आन जाईल. बसणार न्हाई. तुम्ही असं करा, शाळा सुटल्यावर पोरं जिथं उतरतेत ना, त्या लिंबाखालीच करा."

आम्ही लिंबाखाली केलं. निंगप्पानं ऑटोला फुगे बांधले, गाणं लावलं, आणि आमचे हे, प्रणेश, कॉलेजात पोरांवर डोळे वटारणारे मास्तर, त्या ऑटोच्या मागच्या सीटवर बसून केक खात होते. विभा अजून त्या वाढदिवसाचं सांगते. हॉलमधले पुढचे दोन तिला आठवतही नाहीत.

अक्कांचं सगळंच बरोबर निघतं असंही नाही. हरिओम इंजिनिअरच्या जुळ्यांसाठी त्यांनी बाग सुचवली, आणि केक कापायच्या आधीच माकडांनी नेला. हरिओमची बायको रडकुंडीला आली. अक्का म्हणाल्या, "बोलावलेल्याच्या आधी न बोलावलेलं आलं बग. मोठं घर हाय तुझं." त्यानंतर बरेच दिवस ती बाई त्यांच्या ओट्याकडं फिरकली नाही.

ही नजर त्यांनी आणली माहेरच्या दुकानातून. अक्का चिटगुप्प्याच्या. वडलांचं भुसाराचं दुकान होतं आणि बाजारच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून माणसं यायची. कुणाला कुठं बसवायचं हे वडील लेकीला शिकवायचे. ह्याला गादीवर बोलवायचं, त्याला पोत्यावरच मोकळं वाटतं. हे दोघं एका बाकावर नको, त्यांचा बांधावरून वाद आहे. ही म्हातारी पायरीवरच बरी, तिला उठता येत नाही. "माल सगळीकडं तोच असतोय, विजा," ते म्हणायचे, "गिऱ्हाईक जिथं नीट बसलं तितंच परत येतंय." अक्का दहावीपर्यंत कन्नड शाळेत शिकल्या, घरात मराठी, दुकानात मुसलमान शेतकऱ्यांशी दखनी. अजूनही भाजीवालीशी एक भाषा, शिंप्याशी दुसरी आणि आमच्याशी तिसरी बोलताना त्यांना आपण काही वेगळं करतोय असं वाटत नाही.

लग्न होऊन त्या औराद तालुक्यातल्या चिंताकीला गेल्या. घरात दोघं भाऊ. थोरले ग्यानबा, धाकटे माउली, म्हणजे अक्कांचे मालक. थोरल्या जाऊबाई सत्यभामाबाई. अक्कांचा रवी झाला तेव्हा अक्कांना टायफॉइडनं धरलं, अंगावर दूध राहिलं नाही. सत्यभामाबाईंची धाकटी लेक तेव्हा मांडीवरच होती. त्यांनी लेकीला वरच्या दुधावर घातलं आणि रवीला पदराखाली घेतलं. "माझी पोरगी जरा अडदांड हाय, तिला कायबी चालतंय," असं म्हणाल्या. रवी, म्हणजे आता बँकेत बसणारा रविकुमार, त्यांना आई म्हणतो आणि अक्कांना अव्वा, म्हणजे कानडीत आईच. दोन्ही शब्द तो सारख्याच हक्कानं वापरतो.

सासरे गेल्यावर वाटण्या झाल्या. मोजणीवाल्यानं दोन रानांच्या मधे दगड रोवला, आणि तो दगड जरा इकडं का तिकडं ह्यावर भावाभावांचं बिनसलं. दगड राहिला बाजूलाच, शब्द वाढत गेले. मारुतीच्या पारावर, गावासमोर, ग्यानबा म्हणाले, "तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई, तुझ्या रानात पाऊल टाकणार न्हाई." माउलीभाऊंनी तेच शब्द जसेच्या तसे परत केले. आपल्याकडं असं बोललेलं माणूस फिरवत नाही. फिरवलं तर गावात तोंड दाखवायची पंचाईत. बायकांनी काहीच म्हटलं नव्हतं, पण नवऱ्यानं बोललेलं त्यांनाही लागू झालं.

माउलीभाऊ बिऱ्हाड घेऊन नौबादला आले. पेंडीचं आणि बियाण्याचं दुकान टाकलं. रान गुरप्पा नावाच्या शेजाऱ्याला बटईनं दिलं. अक्कांनी इथं घर लावलं, रवीचं लग्न केलं, कलबुर्गीची मंजुश्री सून आणली, पप्पू झाला. रवीच्या लग्नात थोरल्या घरून कुणी आलं नाही. पप्पूच्या बारशाला आलं नाही. त्या घरात लेकराला पहिलं ओवाळायचं ते घरातल्या थोरल्या बाईनं, मग बाकीच्यांनी. पप्पूच्या पहिल्या वाढदिवसाला मी अक्कांना म्हटलं, "आता तुम्हीच थोरल्या, ओवाळा की." तर त्यांनी ताट मंजुश्रीच्या आईच्या हातात दिलं. "मी थोरली न्हाई," म्हणाल्या. एवढंच.

तेव्हा मला कळलं की ज्या बाई सगळ्या कॉलनीला एकच माणूस विचारतात, त्यांचं स्वतःचं एक माणूस कोण आहे.

पप्पूच्या चौथ्या वाढदिवसाला अक्कांनी डोकं लढवलं. अडचण उंबऱ्याची आणि रानाची. मग जी जागा ना ह्यांचा उंबरा ना त्यांचा, अशी बघायची. आम्ही दोघींनी औराद रोडवरचे हॉल धुंडाळले. चिंताकीहून येणारी गाडी दारात थांबेल, जिना चढावा लागणार नाही, खाली-वर मटण शिजणार नाही, असा एक सापडला. रवीला शपथ लागू नव्हती. तो स्वतः चिंताकीला जाऊन सांगून आला. ग्यानबा त्याला म्हणाले म्हणे, "हॉल कुणाचा हाय?" रवी म्हणाला, "कुणाचाच न्हाई, बाप्पा. भाड्यानं घेतलाय." "मग येतो."

अक्का त्या आठवड्यात चालत नव्हत्या, पळत होत्या.

त्या दिवशी काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. ग्यानबा आणि सत्यभामाबाई वेळेच्या आधीच आले. ग्यानबांनी कोरं धोतर नेसलं होतं. सत्यभामाबाईंच्या हातात पितळी डबा होता, शेंगांच्या लाडवांचा. फाटकावर वर्दीतला माणूस. त्यानं विचारलं, "किनके पार्टी में आए जी? आज दो पार्ट्यां हैं." ग्यानबांनी सांगितलं. मग त्याची नजर डब्यावर गेली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, डबा इथं ठेवा, जाताना घ्या. तो बिचारा आपलं काम करत होता. ग्यानबा आतल्या दाराकडं बघत उभे राहिले, की घरचं कुणी येईल, या म्हणेल, पायावर पाणी घालेल. कुणीच आलं नाही. माउलीभाऊ केकपाशी पाठ करून उभे होते. हॉलमधे येऊ दे, पण दारात जाऊन मी त्याला या म्हणणार नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. रवी फुग्यांच्या कमानीत अडकला होता. अक्का आत निरांजनाचं ताट लावत होत्या, जाऊबाईंच्या हातात द्यायचं म्हणून.

त्या बाहेर आल्या तेव्हा टमटम वळली होती. मागच्या बाजूला सत्यभामाबाईंच्या मांडीवर डबा दिसला म्हणतात.

पार्टी झाली. अक्कांनी सगळ्यांना वाढलं, हसून निरोप दिले. शेवटी आम्ही दोघीच टेबलं पुसत होतो. ताटलीला चिकटलेलं क्रीम नखानं खरवडत त्या म्हणाल्या, "वैनी, कुणाचीच नसलेली जागा बघितले मी. मग तितं या म्हणणारं कोण असणार?"

"तुमचा काय दोष, अक्का? भाऊंनी दोन पावलं यायला हवं होतं."

"ते येणार न्हाईत हे मला ठाव नव्हतं व्हय? ठाव होतं. जागा चांगली हाय म्हणून जाईल निभावून, असं वाटलं. जागा हाक मारत न्हाई वैनी. माणसानंच मारायला पायजे."

त्यानंतर ओट्यावर कुणी बाई आली की अक्का म्हणायच्या, "मला काय कळतंय, कुठंबी करा." बायका चहा पिऊन उठायच्या. मला हे बघवायचं नाही. पण काय बोलणार? सत्यभामाबाईंचे गुडघे गेल्याचं रवी सांगत होता. चिंताकीहून येणारं कुणी भेटलं की अक्का पिकपाणी विचारायच्या, गाय व्याली का विचारायच्या, आणि सगळ्यात शेवटी, उठता उठता, "बाई बऱ्या हायत का?"

पुढच्या साली पप्पूची वाढदिवसाची तारीख आणि येळवस एकाच दिवशी आली.

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. ह्या दिवशी सगळं गाव रानात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, करून तिच्यात पाच दगड पुजायचे, पाच पांडव म्हणून. आंबिलीचं मडकं, डाळी आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे. वाटेनं जो जाईल त्याला जेवायला हाक मारायची. ओळखीचा असो, नसो. आणि हाक आली की नाही म्हणायचं नाही. बाजार ओस पडतो त्या दिवशी. उघडं असायचं ते फक्त माउलीभाऊंचं पेंडीचं दुकान. वाटण्या झाल्यापासून ते येळवशीला रानात गेले नव्हते.

अक्कांनी कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं होतं. मी आणि मंजुश्री समोर.

"अमावस्येला वाढदिवस?" मंजुश्री म्हणाली. सासूला ती कानडी पद्धतीनं अत्ती म्हणते. "अत्ती, माझी आई येणारच नाही. लोक काय म्हणतील? केकवाला सुद्धा हसेल."

"अमुशा न्हवं गं बाई, येळवस हाय ती. सणाला अमुशा म्हणतेत व्हय?"

"आईला कोण सांगणार हे?"

"मी सांगते. तिला म्हणते, वाढदिवस न्हाई, रानात जेवायला या. जेवताना पप्पू एक साल मोठा झाला तर त्याला आपण काय करावं?"

मंजुश्रीला हसू आवरलं नाही. खरी गाठ माउलीभाऊंशी होती. ते दुकान बंद करून आले, हात-पाय धुतले, आणि अक्का म्हणाल्या, "येळवशीला नातवाला रानात नेणार का न्हाई, तेवढं सांगा."

"दुकान?"

"गिऱ्हाईक सगळं रानात जेवायला जायलंय. दुकानात कोण येतंय, मुंगळे?"

"तुला दुसरंच कायतरी करायचंय."

"व्हय. करायचंय. पन तुम्ही कुनाच्या रानात पाऊल टाकायचं न्हाई, कुनाच्या उंबऱ्याला शिवायचं न्हाई. आपल्या रानात आपण जेवायचं. ह्यात तुमचा शब्द कुठं मोडायलाय, सांगा की."

भाऊंनी टॉवेलनं मान पुसली. मग म्हणाले, "गुरप्पाला कोप कराया सांगतो."

आम्हाला अर्थातच बोलावणं होतं. विभाच्या दोन पायांच्या मधे आंबिलीचं मडकं, मंजुश्रीच्या मांडीवर केकचा खोका, अशी आमची गाडी चिंताकीला निघाली. वाटेत दोन्ही बाजूंनी माणसं डोक्यावर पाट्या घेऊन रानाकडं चाललेली. ज्वारी कमरेच्या वर गेलेली, हरभरा घाट्यावर आलेला.

माउलीभाऊंचं रान आणि ग्यानबांचं रान शेजारीशेजारी. मधे बांध, बांधावर तो मोजणीचा दगड आणि बोरीची झुडपं. त्या अंगाला ग्यानबांची कोप दिसत होती. धूर निघत होता. सत्यभामाबाईंचं हिरवं लुगडं कोपीच्या तोंडाशी हलत होतं. एकीकडं कुणी खोकलं तरी दुसरीकडं ऐकू जाईल इतकी माणसं जवळ, आणि दोन्हीकडं सगळे असे वागत होते की मधे जणू नदी आहे.

पूजा झाली. पप्पूला रवीनं खांद्यावर घेतलं, माउलीभाऊंनी पिकावर आंबील शिंपडली, आणि तेव्हा ओरडायची रीत म्हणून आम्ही सगळे ओरडलो. मग घोंगडी अंथरली, पत्रावळी मांडल्या.

चिंताकीच्या ह्या घराण्याची एक रीत आहे. पत्रावळींवर वाढायच्या आधी रानाचा मालक उठून चारी दिशांना हाक मारतो. सासरे मारायचे, म्हणे, तर त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा. माउलीभाऊ उठले. उत्तरेला तोंड करून ओरडले, "जेवायला या ओ!" लांबून कुणीतरी ओ दिली. पश्चिमेला गुरप्पाचं रान. "गुरप्पा, जेवायला या ओ!" "बंदे, बंदे, आलो!" म्हणत गुरप्पा तिथूनच उठला. दक्षिणेला वाट. तिकडंही हाक झाली. मग भाऊ येऊन घोंगडीवर बसले, पाणी घेतलं, पत्रावळ जवळ ओढली.

अक्का भज्जीचं भांडं घेऊन उभ्या होत्या. हलल्या नाहीत.

"वाढ की," भाऊ म्हणाले.

"एक दिशा ऱ्हायली."

"तिकडं कोण हाय?"

"रान हाय. रानाला मारा."

 गुरप्पा येऊन टेकला होता, तो एकदा ह्यांच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होता. प्रणेशनी माझ्याकडं पाहिलं. मी भज्जीच्या भांड्याकडं. त्यातून वाफ निघत होती आणि अक्कांच्या हाताला चटका बसत असणार, पण त्यांनी भांडं खाली ठेवलं नाही.

"अव्वा, दे हिकडं," रवी उठायला लागला.

"तू बस."

भाऊंनी पत्रावळ बाजूला सारली. "विजे, ह्यासाठी आणलीस मला?"

"व्हय," अक्का म्हणाल्या. "लेकरू पाच वर्साचं झालं. त्याला अजून थोरलीनं ओवाळलं न्हाई. मी घर बघितले, हॉल बघितले. आता जागा सरल्या माझ्या. ह्याच्याम्होरं मला बघता येत न्हाई. तुमाला हाक मारायची तर मारा, नसली मारायची तर तसं सांगा, वाढते मी. मग परत कवा नाव काढणार न्हाई."

माउलीभाऊ उठले. पूर्वेला तोंड केलं. त्यांनी नाव घेतलं नाही. घसा साफ केला, आणि पहिल्या तिन्ही हाकांपेक्षा बारीक आवाजात म्हणाले, "जेवायला या ओ..."

त्या अंगाला सत्यभामाबाईंचं लुगडं जागच्या जागी थांबलं. ग्यानबा कोपीतून वाकून बाहेर आले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता गेलं सगळं. मग त्यांचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"तुम्हीच या हिकडं!"

"पहिली हाक आमची हाय!" भाऊंचा आवाज आता मोठा झाला.

"थोरला कोण हाय?"

"थोरल्यानं पहिली मारायची मग! कामून न्हाई मारला?"

"मारनार होतो! तू मधीच वरडलास!"

गुरप्पा मांडीवर थाप मारून हसत सुटला. "अण्णा, दोघंबी हाका मारायलात, येनार कोण? भज्जी गार व्हायलीय." विभा हसली, मंजुश्री तोंडाला पदर लावून हसली. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्या बांधाकडं बघत होत्या.

सत्यभामाबाई चालत येत होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पदराखाली झाकलेलं काहीतरी. गुडघ्यांमुळं पाऊल हळू पडत होतं. बांधापाशी आल्या, मोजणीच्या दगडाला हात टेकून वर चढल्या, आणि तिथंच, बोरीच्या सावलीला, बसल्या. ना ह्या रानात, ना त्या.

"माझ्यानं काय ह्याच्याम्होरं याला हुनार न्हाई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "बांध दोघांचा हाय. मी हितंच जेवनार. ज्याला माझ्यासंगं जेवायचंय त्यानं यावं, न्हाईतर ओरडत बसा दिवसभर. रव्या, लेकरू आन."

रवी पप्पूला घेऊन धावला. अक्कांनी भांडं खाली ठेवलं. त्यांनी ताट उचललं, निरांजन लावलं, आणि पदराचा आडोसा करून बांधाकडं निघाल्या. वारा होता. दोनदा विझलं. तिसऱ्यांदा सत्यभामाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं विजा, इझलं तर इझलं. सूर्य हाय की वर." आणि विझल्या निरांजनानंच त्यांनी पप्पूला ओवाळलं. कुंकू लावलं, त्याची हनुवटी धरून तोंड इकडं तिकडं वळवून पाहिलं. "रव्यावाणीच हाय. कानपन तसेच. दूध पितंय का?"

"अजून बाटलीनंच पितंय," अक्का म्हणाल्या.

"मग कसं व्हायचं."

पप्पूनं त्यांना विचारलं, "तू कोण?" त्यांनी अक्कांकडं बघितलं. अक्का म्हणाल्या, "ही थोरली अज्जी. हिला नमस्कार कर आधी, मग मला."

जेवणं बांधावर झाली. म्हणजे पत्रावळी दोन्ही बाजूंना, उतारावर, कशाबशा टेकवलेल्या. माउलीभाऊ आपल्या बाजूला पाय सोडून बसले, ग्यानबा त्यांच्या बाजूला. दोघंही जरा तिरके, पाठी एकमेकांकडं नव्हत्या, तोंडंही नव्हती. सत्यभामाबाई मधे. दोन्ही घरची भज्जी दोन्हीकडं फिरली, आणि सत्यभामाबाईंच्या पदराखालून निघालेल्या पितळी डब्यातले शेंगांचे लाडूही. ग्यानबांनी आमच्या भज्जीचा घास घेतला आणि बायकोला म्हणाले, "मीठ कमी हाय." अक्का डोक्यावरचा पदर नीट करत बांधाकडं न बघता म्हणाल्या, "ज्याला लागंल त्यानं घ्यावं." सत्यभामाबाईंनी नवऱ्याच्या पत्रावळीवर मीठ टाकलं. मंजुश्रीनं केकचा खोका उघडला, तर उन्हानं क्रीम एका बाजूला गेलेलं. सत्यभामाबाईंनी एक बोट चाखलं आणि उरलेला तुकडा गुपचूप काठीच्या टोकानं मुंग्यांकडं सरकवला.

अक्का शेवटपर्यंत वाढतच होत्या. मी म्हटलं, बसा आता. त्या म्हणाल्या, "बसते की." पण बसेनात. मग सत्यभामाबाईंनी बांधावर आपल्या शेजारची जागा हातानं झाडली, खडे बाजूला केले आणि म्हणाल्या, "ये गं." त्या गेल्या आणि बसल्या. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. फार काही नसावंच. एकीनं उंडा मोडला, दुसरीनं अर्धा घेतला.

हात धुताना ग्यानबा बांधावर उभे राहिले. माउलीभाऊ खाली आपल्या हरभऱ्यात. ग्यानबांनी बराच वेळ ते पीक न्याहाळलं. मग बांधावरूनच, पाऊल न टाकता, वाकून एक घाटा तोडला, नखानं फोडला आणि आत बघितलं.

"अळी पडली हाय तुझ्या हरभऱ्यात."

"व्हय?"

"औषध मारलास का?"

"गुरप्पा मारलाय म्हंतोय."

"पानी मारला असंल त्यो. उद्या सकाळी ये, पंप देतो." मग त्यांनी फोडलेला घाटा खाली टाकला. "बांधावर ठिवतो. घेऊन जा."

"बरं," माउलीभाऊ म्हणाले. "दुकान दुपारी उघडतो मग."